शिट्टी वाजली तेव्हा पर्वत हवेत होता

"बोरकर, बीच में एक भी आदमी उठा तो छुट्टी भूल जाओ," साहेब म्हणाले अन् माझा लीव्हचा अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला.

अर्ज होता पोरीच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा. येत्या रविवारी, तुमसरला. अन् उठायचं नव्हतं कथकलीतून. भिलाईत केरळची मंडळी पुष्कळ. त्यांनी तिकडून पार्टी बोलावलेली, आमचे जीएम पाहुणे, अन् हॉल भरून द्यायचं साहेबांनी हौसेनं कबूल केलेलं. मागच्या साली सतारीच्या वेळेस समोस्याचा वास आला अन् आमची सारी लाइन बाहेर. ते साहेब विसरले नव्हते.

मी स्टील प्लांटमध्ये रिगिंगचा फोरमन. वजनदार मशिनी उचलून जागेवर बसवायचं काम. ते करणाऱ्याले आमच्याकडे खलाशी म्हणतात; समुद्र त्यानं पाहिलेला नसतो. शॉपमध्ये आवाज एवढा, की क्रेनवाल्याले ओरडून सांगता येत नाही. म्हणून खालचा माणूस हातानं खुणा करतो. बोट वर करून फिरवलं, उचल. खाली करून फिरवलं, उतरव. अन् गळ्यात शिट्टी. लांब शिट्टी म्हणजे जिथं आहेस तिथं थांब.

शिफ्ट सुटल्याबरोबर असे चाळीस खलाशी हॉलमध्ये नेऊन बसवले. मी दाराजवळची खुर्ची धरली.

पहिली वीस मिनिटं वाईट गेली. रंगवलेल्या तोंडाचा, घेरदार झग्यातला एक म्हातारा कलाकार नुसते डोळे फिरवून राहिला होता. गाणं मल्याळममध्ये. बाजूचा साहू म्हणे, "भैया, ये बोलता काहे नहीं?" दोघांनी चपला पायात घातल्या. मी खुर्ची ओढून दाराले आडवी लावली.

तेवढ्यात माइकवरून सांगितलं, आता राजा पर्वत उचलणार.

स्टेजवर काहीच नव्हतं. म्हाताऱ्यानं मान हळूहळू वर नेत, नसलेला पर्वत बुडापासून टोकापर्यंत पाहिला. मग डावीकडून, उजवीकडून.

"अंदाज घेऊन राहिला," रामटेकेभाऊ बोलला. हा आमचा सर्वात जुना खलाशी. नुसत्या नजरेनं वजन सांगते.

म्हाताऱ्यानं एका बाजूनं बोटं खाली घातली, जरासं हलवून पाहिलं.

"बरोबर. पहिले ढिल्लं करते."

चाळीसच्या चाळीस पुढं झुकले. साहूनं मोबाईल खिशात ठेवला. पर्वत गुडघ्यापर्यंत आला, छातीपर्यंत आला. म्हाताऱ्याचे गाल थरथरून राहिले होते. माझेही दात आवळलेले. साक्षगंध, साहेब, सारं विसरलो मी.

पर्वत डोक्यावर गेला. अन् म्हातारा त्याच्या बरोबर खाली उभा राहून एका हातानं तोलू लागला.

लोड हवेत असताना त्याच्याखाली उभं राहायचं नाही, हा खलाशाचा पहिला धडा. रामटेकेभाऊ ताडकन उठला अन् लांब शिट्टी मारली.

ढोल थांबला. गाणं थांबलं. साहेबांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. म्हातारा पर्वत घेऊन जागच्या जागी. रामटेकेभाऊचं ध्यान मात्र लोडवरच. त्यानं हात पुढं केला, बोट खाली, हळूहळू फिरवलं.

म्हाताऱ्यानं त्या बोटाकडे पाहिलं. अन् देवाशपथ सांगतो, त्या बोटाच्या हिशोबानं पर्वत बाजूच्या मोकळ्या जागेत उतरवला. इंच इंच. ढोल पुन्हा सुरू झाला अन् सारा हॉल टाळ्या वाजवत उभा झाला.

प्रोग्रॅम संपल्यावर म्हातारा रंगासकट खाली आला. साहेब माफी मागायला पुढं झाले. तो त्यांच्या बाजूनं पुढं गेला अन् रामटेकेभाऊचा हात धरला.

"कितनी बार उठाया होगा," तो म्हणाला. "आज पहली बार किसी को डर लगा कि गिर जाएगा."

"वजन बहुत था, साहब," रामटेकेभाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझा अर्ज काढला. "बीच में आदमी उठा था ना?"

"उठा था, सर. जीएम साहब भी उठे थे."

साहेबांनी सही केली.

तेव्हापासून माणसांले कुठल्याही प्रोग्रॅमले नेतो. पहिले समजावून सांगत बसत नाही. फक्त शिट्ट्या दारावर जमा करून घेतो.