मामांचा माग

“माग! ऐकू येतंय का? माग!” मामा गच्चीवरून फोनमध्ये ओरडत होते, आणि समोरच्या काकू खालून तेवढ्याच जोरात, “अवं, सकाळी सकाळी काय मागताय? साखर संपली का? देते की!”

अख्ख्या सोलापुरात विरहाची कविता बोंबलून म्हणणारा हा एकच माणूस. भवानी पेठेतले हे आमचे शेजारी तीस वर्षं यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की हाक यांना. चाळीस मागांच्या खडखडाटात कुजबुजणं कायमचं गेलं. त्यामुळे ‘दवबिंदू हळूच बोलला’ ही ओळ ते अशी म्हणत, की दारातल्या कडुलिंबावरचे कावळे बिऱ्हाड उचलून अक्कलकोटला गेले. मी डोळ्यांनी पाहिलंय. दवबिंदू मात्र मामांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचा निसर्ग म्हणजे तो कडुलिंब आणि रंगाच्या डब्यातली तुळस. पण शब्द असा पिळायचे, की थेंब शिल्लक राहू नये. “सोलापुरात ऊन का? तर तू उणी म्हणून!” हे त्यांनी एप्रिलात भर दुपारी रस्त्यात धरून मला तीनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा घेरी आली. तिसऱ्यांदा, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

कारण ‘तू’ म्हणजे मामी. कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, आणि दिवसभर मामा घरात, कविता मामींच्या कानात. वर्षापूर्वी मामी ‘आठ दिवसांत येते’ म्हणून लेकीकडे हैदराबादला गेल्या. तेव्हापासून तिकडून येणारी प्रत्येक गाडी मामांना तोंडपाठ. गाडी उशिरा असली की ते खूश. तेवढीच आशा लांबते.

त्या सकाळची कविता महिनाभर खपून केलेली. “ही ऐकून न्हाय आली, तर ती येतच न्हाय बघ,” असं मला आधीच सांगून, शेजारी उभं करून, त्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता. ‘माग’ हे कवितेचं नाव दोनदा ओरडून झालंच होतं; काकूंना हातानं गप्प करून त्यांनी सुरुवात केली :

“तू म्हणायचीस, काहीतरी माग, मी मागावर होतो.
माग थांबला, आता तुझ्या मागावर आहे.
मागे वळून एकदा बघ,
नाहीतर माझाही मागमूस राहायचा नाही.”

शेवटची ओळ मामा चक्क हळू म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदाच. पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. मग मामी म्हणाल्या,

“उरलेल्या साड्या पाठवून द्या की. हितं कपाट घेतलंय मी.”