मामांचं आमेन

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या पाळकसाहेबांना सगळे मामा म्हणत. मी त्यांच्या हाताखाली नवशिका पाळक म्हणून आलो, तेव्हा माझी प्रार्थना म्हणजे मारुतीचं शेपूट. पहिल्याच आठवड्यात एका आजाऱ्याच्या उशाशी ती इतकी लांबली की तो बिचारा घोरायला लागला. जिना उतरताना मामा म्हणाले, "पंडित, देवाला सगळं ठाऊक असतं. आपण ज्याच्यासाठी मागतो, त्याला ते हवंय का तेवढं बघत जा."

त्यांची रीत वेगळी होती. दोन-चार वाक्यं बोलून ते गप्प व्हायचे. आमेन म्हणायचं ते आजाऱ्याने. "मागणं माझं, सही तुझी," असं त्यांचं म्हणणं. बायको गेल्यापासून देवावर रुसलेला एक म्हातारा ड्रायव्हर होता. तो सरळ सांगायचा, "नाही म्हणणार!" मामा "बरं" म्हणून त्याच्याकडेच चहा मागायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. एकदा त्यांनी त्याच्यासाठी फक्त झोप मागितली. तेव्हा म्हातारा आमेन म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

मग मामांनीच अंथरूण धरलं. हॉस्पिटलात मी रोज संध्याकाळी जायचो. मी त्यांच्यासाठी ताकद मागितली, ते गप्प. आराम मागितला, गप्प. डॉक्टरांना बुद्धी दे म्हटलं, तर चक्क हसले.

"अहो, म्हणा की एकदा," मामी वैतागायच्या. "पोरगं रोज कामं टाकून येतंय."

"त्याला अजून नेमकं मागता येत नाही," मामा म्हणायचे.

मला राग यायचा. अंगात उठून बसायचं त्राण नाही आणि शिकवणी मात्र चालू! पण रागापेक्षा भीती मोठी होती. बाकी सगळे माझ्यापुढे मान तुकवून उभे राहायचे, स्वतःची दुखणी सांगायचे. माझा कान धरणारा आणि "तू जेवलास का रे?" असं विचारणारा हा एकच माणूस होता. तो मला हवा होता. देवाचं काम वगैरे राहू द्या, मला हवा होता.

एका संध्याकाळी माझ्याजवळचे शब्दच संपले. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "प्रभू, यांना लवकर घरी ने."

"आमेन!"

शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकून उठला, इतका तो आवाज खणखणीत होता. मी आनंदाने डोळे उघडले. मामींनी तोंडावर हात दाबून धरला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मामा, मी आपल्या घराबद्दल बोलत होतो!"

"मीपण," ते म्हणाले. डोळे मिश्कील झाले होते. "आज जमलं बघ तुला, पंडित."

त्याच आठवड्यात ते गेले. मंडळीतले लोक माझी समजूत घालतात, "तुमची प्रार्थना ऐकली गेली, पाळकसाहेब." मी मान डोलावतो. जेवायला बसलो की मात्र कुणी "जेवलास का रे?" विचारेल म्हणून दाराकडे बघतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या दोन खोल्या मामींनी मामांसाठी झाडूनपुसून ठेवल्या होत्या. पलंग खिडकीजवळ ओढायला मीच गेलो होतो. मी त्या घराचं म्हणत होतो, प्रभू. तुला ठाऊक होतं.