गरम करून ठेवलेलं इंजिन

पाय मोडल्यापासून मला सल्ल्यांचा जितका राग येतो, तितका त्या पायाचाही येत नाही. प्रताप नगरात आमच्या गल्लीत कुणीही उठतो आणि सांगतो, आता गाडीचा नाद सोडा. जणू मी रोज पिऊन पडतो. हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी होती तोवर तिन्ही पाळ्यांना मी माझ्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर गेलो. मग एका संध्याकाळी खोदून ठेवलेल्या रस्त्यानं उजवा गुडघा खाल्ला. आत धातूची पट्टी आहे, स्क्रू आहेत, आणि गुडघा अर्धाच वाकतो. गाडी थांबवून पाय टेकवला की मी गाडीसकट आडवा. मोटरसायकल विकून टाकली. तेव्हापासून बायकोच्या स्कूटरवर मागे बसतो, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन.

म्हणून मला चार चाकांची बाईक हवी होती, तीही टू-स्ट्रोकच. क्वॉड म्हणतात तिला. मोटरसायकलसारखं हँडल, तसंच टांग टाकून बसायचं, पण चाकं चार, म्हणजे थांबताना पाय टेकायचं कामच नाही. रस्त्यावर चालवायला तिला परवानगी नाही, हे मला लोकांनी सांगायची गरज नव्हती. हिंगण्याच्या पुढे एका लेआउटमध्ये आमचा प्लॉट आहे. मुरमाचे रस्ते आखले, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवले, आणि घर मात्र आजवर कुणी बांधलं नाही. त्या रिकाम्या रस्त्यांवर मी माझ्या हातानं गाडी फिरवली असती. कुणाच्या बापाचं काय जात होतं?

बायकोनं देखभालीचा मुद्दा काढला. "टू-स्ट्रोकमंदी पेट्रोलात ऑईल मोजून मिसळावं लागते. एकदा विसरले का पिस्टन जाम. अन पार्ट कुठून आणाल?"

"मी जन्मात कधी ऑईल विसरलो का?"

"चष्मा तर रोज विसरता."

अशा घरात माणसानं काय बोलावं? मी दोन दिवस बोललोच नाही.

गाडी शोधली ती माझ्या साळ्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं. त्याचं लकडगंजात प्लायवूडचं दुकान. प्लायवूड विकणाऱ्याला इंजिनातलं काय कळतं? पण हा माणूस लग्न जुळवण्यापासून कूलरची जाळी बदलण्यापर्यंत सगळ्यात असतो आणि ते मला पहिल्यापासून आवडत नाही. हिंगण्याच्या बाहेर कुणाचं तरी सहलीला येणाऱ्यांसाठी केलेलं फार्म बंद पडलं होतं. तिथली ही गाडी. रविवारी सकाळी साळा त्याच्या कारनं निघाला. त्याच्या कारमध्ये बसायला मी नकार दिला आणि बायकोच्या मागे बसून गेलो.

टिनाच्या शेडमध्ये गाडी उभी होती. मालक डोळ्यांवरचा काळा चष्मा न काढता म्हणाला, "आठ दिवसापासून हातबी नाही लावला, भाऊ. उभीच आहे."

जुनी टू-स्ट्रोक घ्यायला गेलेला आमच्या वेळचा माणूस आधी बोलत नसे, आधी इंजिनाला हात लावत असे. झिजलेलं इंजिन थंड असताना सुरू होत नाही, म्हणून विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी ते चालवून गरम करून ठेवतो. गरम असलं की अर्ध्या किकेत सुरू. मी वाकलो, तळहात लावला आणि चटकन काढून घेतला. इंजिन चांगलंच तापलेलं होतं.

"आठ दिवसापासून उभी आहे काय?" मी म्हणालो. "हे थंड होईपर्यंत मी इथून हलत नाही. मग मी स्वतः किक मारून पाहीन."

मालक साळ्याकडे पाहू लागला. साळा म्हणाला, "जाऊ द्या ना, भाऊजी. चालवून तर पाहा एकदा."

"काहून? तुझा किती वाटा आहे यात?"

त्याचा चेहरा उतरला. बायको माझ्याकडे अशी पाहत होती की मी तिच्याकडे पाठ केली. मालकानं चहा मागवला, तो मी घेतला नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी मला छान वाटत होतं. कुणीतरी मला फसवायला निघालं होतं आणि मी त्याला पकडलं होतं. पाय मोडल्यापासून कुणी मला फसवण्याच्या लायकीचासुद्धा समजत नव्हतं.

इंजिन थंड झालं. मी चढून बसलो. किक उजव्या बाजूला. ती मारायला गुडघा वर घ्यावा लागतो आणि मग सगळं अंग त्यावर टाकावं लागतं. पहिल्यांदा किक अर्ध्यात अडली. दुसऱ्यांदा पाय सटकला आणि किक उलटी येऊन नडगीवर बसली. तिसऱ्यांदा गुडघ्यानंच नाही म्हटलं आणि मी सीटवर बदकन बसलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी त्यांना सोडलं नसतं.

साळा खाली पाहत म्हणाला, "मीच फोन करून सांगतलं होतं यांना. भाऊजी यायच्या आधी गरम करून ठेवा म्हणलं, म्हणजे पायाले जोर नाही पडणार. अन तुमाले सांगू नका म्हणलं."

बायकोनं तिची पर्स माझ्या हातात दिली. "सरका," म्हणाली. साडीचा पदर खोचला, चप्पल घट्ट केली आणि उभी राहून किक मारली. दुसऱ्या किकेत इंजिन सुरू झालं. थंडगार इंजिन. निळा धूर, तोच वास, आणि इतका स्वच्छ आवाज. असं इंजिन मी कधी पाहिलं नव्हतं.

"घेऊन टाका," ती म्हणाली. "रोज मी सुरू करून देत जाईन."

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

"बंद कर," मी म्हणालो. "मले नको."

मालकानं विचारलं, "काय झालं, भाऊ? काही खराबी आहे काय?"

"पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत."

आवाज सगळ्यांनी ऐकला होता. मालकानं चष्मा काढला, पण तो काही म्हणायच्या आत साळाच बोलला.

"हो, भाऊजी. मलेबी तसाच आवाज येऊन राहिला होता."

पिस्टनच्या रिंगा कशाशी खातात हे त्याला माहीत नाही. मी पर्स बायकोला दिली आणि स्कूटरवर मागे बसलो. घर येईपर्यंत स्कूटरच्या आरशात त्याची कार आमच्या मागे हळूहळू येताना दिसत राहिली. त्याला लकडगंजला जायचं होतं, आमचा रस्ता त्याचा नव्हता. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.