इरफानची अकरा दारं

ओपन माइक चालवणाऱ्या माणसाच्या लक्षात जोक राहत नाहीत, स्टेजच्या आजूबाजूला जे घडतं तेच राहतं. मी बँकेत क्लार्क. रविवारी दुपारी सातपूरच्या एका हॉलमध्ये आमचं हौशी कॉमेडियन्सचं टोळकं जमवतो. दोन वर्षांत इतके किस्से साठलेत, की बायको म्हणते, "निम्मे तरी घराबाहेर काढा!" त्यातले निम्मे एकट्या इरफानचे आहेत.

*

इरफान बिहारमधल्या दरभंग्याचा, इथल्या कारखान्यात लेथवर काम करतो. पहिल्याच रविवारी माइक धरून म्हणाला, "मी बिहारी, मी मुसलमान, आणि मी भाड्याने खोली शोधतोय. टाळ्या नकोत, पत्ता द्या!"

लोक हसले. पण गोष्ट खरी होती. सहा जण एका खोलीत, तिघं दिवसपाळीला, तिघं रातपाळीला. बायको आणि सहा वर्षांची मुलगी गावी. मुलीला जूनमध्ये इथल्या शाळेत घालायचं त्याच्या मनात होतं, आणि त्यासाठी आधी घर हवं होतं.

*

एकदा मागच्या रांगेतून एक दादा ओरडले, "ए, इथं राहायचं तर मराठीत बोल!"

इरफान तोवर मराठीतच बोलत होता. पण तो मराठी शिकला सटाण्याच्या भाऊसाहेबांकडून. ते शेजारच्या मशीनवर आहेत. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मन्हं नाव इरफान शे. मी कवयपासून मराठीच बोली ऱ्हायनू. तुले अहिराणी समजत नही का?"

सटाण्याकडच्या पोरांनी शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला. दादा शेजारच्याला विचारत होते, "काय म्हणाला तो?"

*

मग हॉलचे मॅनेजर घाबरले. मला म्हणाले, "त्याची स्क्रिप्ट आधी दाखवा. वादग्रस्त असेल तिथे लाल शाईने खूण करायला सांगा." मीही मुळात भित्रा. मुकाट्याने इरफानला निरोप दिला.

त्याने चार पानं लिहून आणली. सगळी स्वच्छ! लाल रेघ फक्त एकाच ठिकाणी होती, वर लिहिलेल्या त्याच्या नावाखाली.

*

तो स्वतःच्या लोकांनाही सोडत नसे. "मशिदीत एक चाचा मला म्हणतात, बेटा, घरासाठी दुआ कर. मी म्हटलं, चाचा, तुमच्याच तीन खोल्या रिकाम्या आहेत! तर म्हणतात, बिहारींना देत नाही, फार गर्दी करतात."

पुढच्या रविवारी चाचांचा निरोप आला, "स्टेजवरून आमची बदनामी बंद कर."

इरफानने उलट निरोप पाठवला, "मी नाव घेतलंच नव्हतं. तुम्ही कसं ओळखलंत?"

*

त्याचा सगळ्यात गाजलेला सेट म्हणजे 'अकरा दारं'. अकरा घरमालक, अकरा नकार, दहा मिनिटं. शेवटचं दार एका रिटायर्ड शिक्षिकेचं. "काकू म्हणाल्या, खोली आहे रे, पण आमच्याकडे देव आहेत. मी म्हटलं, काकू, मी वरच्या मजल्यावर राहीन, देव्हाऱ्यात नाही!"

इथे हॉल कोसळायचा. मी मात्र मे महिन्याचं कॅलेंडर बघायचो आणि मला वाईट वाटायचं. बारावं दार काही सापडत नव्हतं.

*

मेच्या शेवटच्या रविवारी पहिल्या रांगेत सुती साडीतल्या एक बाई येऊन बसल्या. मांडीवर कापडी पिशवी. 'अकरा दारं' संपलं, टाळ्या झाल्या, आणि बाई उभ्या राहिल्या. इरफानचा चेहरा पडला, तेव्हाच मला कळलं की या कोण.

"भाचीने तुझा व्हिडिओ दाखवला मोबाइलवर," बाई म्हणाल्या. "माझं चुकीचं सांगतोस तू."

मी माइक काढून घ्यायला उठलो.

"बसा हो तुम्ही!" बाईंनी मला बसवलं. शिक्षिकेचाच आवाज! मग इरफानकडे वळून म्हणाल्या, "मी देवाचं नाव काढलंच नव्हतं. तेवढं तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती. मी म्हणाले, खोली कालच गेली. तू मान हलवलीस, थँक्यू म्हणालास, आणि गेटवरची पाटी वाचत वाचत निघून गेलास. मी खिडकीतून बघत होते. सांगायचं तर खरं सांग."

इरफानने माइक खाली घेतला.

बाईंनी पिशवीतून एक पत्र्याची पाटी काढली, 'खोली भाड्याने देणे आहे'. गेटला बांधायची तार अजून तशीच लोंबत होती. ती त्यांनी स्टेजच्या कडेला ठेवली.

इरफानने पाटी उचलली, "काकू... मग माझ्या दहा मिनिटांचं काय?"

"ते तुझं तू बघ," बाई पिशवीची घडी घालत म्हणाल्या. "मुलगी पहिलीत जायची म्हणाला होतास ना? पाढे कितीपर्यंत येतात तिला?"