दत्ताअण्णा आणि दुधाळ लॅकर

दत्ताअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी महादेवपुऱ्यात, ऑफिसात होते. फोन त्यांच्या मुलीचा, वीणाचा. "आत्या, अण्णा गेले गं... सकाळी चहा पिता पिता." त्याला आता दीड महिना झाला. तरी त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

अण्णा माझे चुलतभाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. यशवंतपूरला त्यांचं छोटं वर्कशॉप. मोटरसायकलींचे अॅल्युमिनियमचे भाग घासून आरशासारखे करायचे आणि ती चकाकी टिकावी म्हणून वर पारदर्शक लॅकर मारायचा, हाच धंदा. बाबांची जुनी मोटरसायकल कित्येक वर्षं त्यांच्याकडेच बंद पडून होती. बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला ती चालू करून द्यायची, असं मी ठरवलं. इंजिन सुरू झालं, त्याची अॅल्युमिनियमची कव्हरंही घासून लखलखली. राहिला फक्त लॅकर. पण वाढदिवस उद्यावर आलेला आणि सकाळपासून पावसाची झड. "हवेत ओल आहे, सुमे. स्वल्प थांब, थोडी उघडीप पडू दे," एवढं अर्ध्या कानडीत सांगून अण्णा जेवायला घरी गेले. मी कसली थांबतेय! स्प्रे गन उचलली आणि मारला लॅकर. दहा मिनिटांत कव्हरं पांढुरकी... ताकात बुडवून काढल्यासारखी.

अण्णा परतले तेव्हा मी रडायच्या बेतात होते. त्यांनी एक कव्हर उचलून पाहिलं आणि असे हसले, की शेजारचा वेल्डर डोकावून गेला. "छान! काकांना सांगू, खास पांढरा रंग मागवलाय." मग थिनरने सगळं काढून टाकलं, पुन्हा पॉलिश केलं. ऊन पडायला तीन दिवस लागले. त्या दिवशी मला हातमोजे घालायला लावून म्हणाले, "पॉलिशचं मेण नीट पूस, उघडं बोट लावू नकोस. आणि पातळ मार. जाड मारलास तर सोलून येतो." सगळे थर माझ्याकडूनच मारून घेतले. वाळल्यावर चष्मा कपाळावर सरकवून कव्हर निरखलं आणि त्यांचं नेहमीचं कानडी "सरी आहे", म्हणजे ठीक आहे, म्हणाले. वाढदिवस उशिराच झाला. बनशंकरीच्या घरासमोर बाबांनी वाकून कव्हरात बघत भांग पाडला, मला मागे बसवलं आणि गाडी काढली ती थेट यशवंतपूरला, अण्णांच्या दारात!

परवा बाबांना घेऊन तिथे गेले. वर्कशॉप आता वीणा बघते. एकटीने लॅकर मारायची तिची पहिलीच वेळ. वाळलेलं कव्हर तिने उजेडात धरलं आणि सवयीने आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "अण्णा, बघा हो!"

बाबा खुर्चीतून उठले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कव्हर दोन्ही बाजूंनी निरखलं, आणि अगदी अण्णांच्या सुरात म्हणाले, "सरी आहे. दे गिऱ्हाइकाला."