मी हुकूमशहाला भेटलो होतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी झोपेत काय बडबडतो तेही पाठ आहे.

ऐंशीच्या सुमाराला मी इराकमध्ये होतो, एका बांधकामाच्या साइटवर स्टोअरकीपर. तिथल्या हुकूमशहाने शेजारच्या इराणवर सैन्य घातलं आणि आमची परत पाठवणी झाली. घाटकोपरच्या चाळीत उतरलो तो थेट युद्धतज्ज्ञ होऊनच! संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकायची आणि सांगत सुटायचं — त्याने हल्ला का केला? नदीच्या मुखासाठी. तेलासाठी. शेजारची क्रांती आपल्या घरात शिरेल या धास्तीने. सगळं पेपरातलंच, पण मी तिथून आलेला ना! एकदा कुणीतरी खवचटपणे विचारलं, "तुला काय तो स्वतः सांगून गेला रे?" आणि मी — काय गरज होती? — म्हणालो, "भेटलोय मी त्याला. हात मिळवलाय."

खरं सांगू? मी त्याला फक्त मेसच्या भिंतीवर पाहिला होता. फोटोतून तो रोज माझ्याकडे बघायचा, मी डाळीकडे.

थाप मात्र झकास चालली. इतकी, की एक दिवस शेजारच्या परबकाकू आल्या. त्यांचा सुरेश मुलुंडला एका वर्कशॉपात फिटर. त्याला इराकमधलं काम चालून आलं होतं, सरहद्दीजवळ, पगार भरपूर.

"तू त्याका बघलंस मां? मगे सांग, सुरेशाक धाडू की नको?"

अख्खी गॅलरी माझ्याकडे बघत होती. 'मला माहीत नाही' म्हणायचं? हात मिळवलेला माणूस असं कसं म्हणेल? मी खुर्चीत रेललो. "काकू, त्याला नुसतं मिरवायचंय. थोडी जमीन घेईल, मिरवणूक काढेल, गप्प बसेल. महिन्याभरात सगळं शांत. बिनधास्त पाठवा."

सुरेशने नोकरी सोडली. गेला.

महिना उलटला, युद्ध काही थांबेना. काकू पुन्हा आल्या — "बोलवून घेवया काय रे त्याका?" नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं की आधीचं सगळं खोटं ठरणार — हातसुद्धा. मी म्हणालो, "आता थांबेलच. राहू दे अजून थोडे दिवस."

हे तोंडातून निघालं, आणि तो हुकूमशहा मला पहिल्यांदा कळला. नदी, तेल, क्रांती — असेल, तेही असेल. पण तो थांबत का नव्हता? चारचौघांत जिंकणार म्हणून बसला होता! आता माघार कुठल्या तोंडाने घ्यायची? म्हणून तो आणखी पोरं पाठवत होता. एक मीही पाठवलं होतं.

सुरेश परत आला तो कुबड्यांवर. साइटवर तोफगोळा पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. काकूंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. चहा दिला — साखर जास्तच होती.

युद्ध चालूच होतं. एका संध्याकाळी सुरेश गॅलरीत येऊन बसला. कुबड्या भिंतीला टेकवल्या.

"दादा, तू तर भेटलायस त्याला. कधी संपणार रे हे?"

थट्टा नव्हती त्याच्या आवाजात — तो खरंच विचारत होता.

मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि म्हणालो, "त्याचं काय आहे सुरेश —"