मंगळवारचं गिऱ्हाईक

ती घटना आठवण्यासाठी मला जुने कागद काढावे लागत नाहीत. कुणाच्या घरी नव्या रंगाचा वास आला की ती आपोआप समोर येऊन उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंच विसरलो. ही घटना आमच्या दप्तरी साधा अकस्मात मृत्यू म्हणून नोंदली गेली होती, आणि तीच विसरता आली नाही. मुदतीआधी नोकरी सोडली तेव्हा लोकांनी कारण विचारलं. मी तब्येतीचं सांगितलं. ते खरं नव्हतं.

तेव्हा मी धाराशिवजवळच्या एका पोलीस स्टेशनचा प्रभारी होतो. येडशीकडचा रस्ता आणि शहराबाहेरच्या काही वसाहती आमच्या हद्दीत यायच्या. क्वार्टरच्या गळक्या छताला कंटाळून बायकोनं स्वतःच्या घराचा धोशा लावला होता. एजंटानं अशाच एका वसाहतीतलं घर सुचवलं. मालक वारलेले, मुलगा पुण्यात कंपनीत, घरात एकटी आई. मुलाला घर विकून आईला पुण्याला न्यायचं होतं. मंगळवारी माझी साप्ताहिक सुट्टी असायची, म्हणून आम्ही मंगळवारी गेलो.

आजी देवघरासमोर बसली होती. गळ्यात कवड्यांची माळ, पुढ्यात परडी. ती तुळजाभवानीची आराधी होती. अशा बाया मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागतात, पीठ-मीठ आणतात. हा नेम मोडत नाहीत. आम्हाला पाहून ती उठली. उठताना दाराशेजारच्या भिंतीला तिनं हात टेकला. तिथं वर्षानुवर्षं हात टेकून तेलकट काळपट डाग पडला होता.

"या, बसा," ती म्हणाली. "घर चांगलंय. पन ह्या भितीला पावसाळ्यात वल येती बरं का. अन् आमचे मालक ह्याच खोलीत गेले."

"आई, तू पाहुण्यांना चहा टाक जा," मुलगा घाईनं म्हणाला.

"टाकते की. पन खोटं कशाला सांगायचं? उद्या हितं ह्यांनाच ऱ्हायचंय." मग माझ्या बायकोकडं वळून, "पानी मातर लई गोड हाय हितलं. आडाला कधी तळ लागला न्हाय."

आम्ही चहा घेतला. घर मला आवडलं होतं. बाहेर आल्यावर बायको हळू आवाजात म्हणाली, "परडी आहे घरात. तिचं काही करायचं राहिलं तर आपल्या मागं लागायचं." मी हसलो. पण मुलाला बाजूला घेऊन जे बोललो ते इथं जसंच्या तसं लिहितो.

"घर विकायचंय ना? मग असं राहतं घर दाखवू नये. आतून रंग काढा. तो हाताचा डाग घालवा. ती परडी, माळ नजरेआड करा. आणि गिऱ्हाईक यायच्या वेळी आईंना कुठंतरी पाठवत जा. म्हातारं माणूस समोर असलं की घेणाऱ्याचा पाय अडखळतो."

"व्हय साहेब. बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला.

आमच्याकडं फौजदारानं सांगितलेलं लोक सल्ला म्हणून ऐकत नाहीत, हुकूम म्हणून ऐकतात. इतकी वर्षं वर्दी घातल्यावर मला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

उन्हाळा तापला होता. मुलानं कळवलं, घर तयार आहे. आम्ही पुन्हा सुट्टीच्या दिवशी, मंगळवारीच गेलो. दार उघडलं आणि खरोखर दुसऱ्याच घरात आल्यासारखं वाटलं. भिंती फिकट पिस्ता रंगाच्या. आजीची बाज गेलेली, खिडक्यांना पडदे, देवघरात फक्त एक तसबीर आणि उदबत्ती. बायको खूश झाली. तिनं ओटा मापला, फ्रिज कुठं बसेल ते पाहिलं. मी गच्चीवर जाऊन टाकी पाहिली. मग भावाची घासाघीस. मुलगा सारखा घड्याळाकडं बघत होता. मला वाटलं दुसरं गिऱ्हाईक यायचंय, म्हणून मी मुद्दाम लांबवलं. समोरच्याला घाई असेल तर आपण सावकाश बसायचं, ही माझी चौकशीतली सवय. उन्हं कलेपर्यंत मी तिथून हललो नाही.

निघताना देवघराच्या दाराशी नव्या रंगात उठलेला हाताचा पंजा दिसला. रंग ओला असताना कुणीतरी हात टेकला होता.

"रंगारी कच्चा दिसतोय तुमचा," मी थट्टेनं म्हणालो.

"परत हात मारून घेतो साहेब."

"आई कुठं आहेत?"

"मावशीकडं. बेंबळीला."

पुढच्या आठवड्यात इसार द्यायचं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी येडशीच्या बाजूनं खबर आली. रस्त्यापासून थोडं आत, बाभळीखाली एक वृद्ध स्त्री मरून पडलेली एका मेंढपाळाला दिसली. हवालदारानं पंचनामा केला, शवविच्छेदन झालं. कारण उष्माघात. अंगावर जखम नाही, जवळ पिशवी नाही, गळ्यात काही नाही. जवळच्या रामलिंगच्या देवळात दर्शनाला आलेली कुणी परगावची असावी असा आमचा अंदाज. फोटो माझ्या टेबलावर आला. मी पाहिला, बिनतारी संदेश पाठवायला सांगितला आणि सही केली. ज्या बाईच्या हातचा चहा प्यायलो होतो, तिचा चेहरा मी ओळखला नाही. ओळखणार कसा? त्या दिवशी मी भिंती बघत होतो.

वारस मिळाला नाही. मुदत संपल्यावर बेवारस म्हणून तिचं दफन झालं.

पुढचा मंगळवार उलटला आणि बुधवारी सकाळी आजीची शेजारीण ठाण्यात आली. पन्नाशीची, शेतकरी घरातली बाई. ठाणे अंमलदारानं तिला बाकावर बसवून ठेवलं होतं, तर ती त्याच्यावरच तापली. "बसायला आले व्हय मी? बाई हरवलीय आमची." मी आत बोलावलं.

"साहेब, शेजारची आजी दोन मंगळवार जोगव्याला आली न्हाय. म्या दोन्ही खेपंला पीठ काढून दारात बसले."

"बेंबळीला बहिणीकडं गेल्यात ना त्या?"

"तुमाला कसं म्हाईत?"

मी समोरची वही ओढली. तीच पुढं म्हणाली, "तिचा ल्योकबी त्येच सांगतोय. पन ती ताप अंगात घिऊन जोगवा मागनारी बाई हाय. मंगळवारी भनीकडं जाऊन बसंल? परडी सोडून?"

बेंबळीच्या पोलीस पाटलाला फोन लावला. त्यानं खात्री करून कळवलं, बहीण घरी आहे, पण तिच्याकडं कुणी आलेलं नाही. मी फोन खाली ठेवला आणि हवालदाराला अनोळखी मयताची फाइल आणायला सांगितलं. पंचनाम्यात एक ओळ होती, मी सही करताना वाचलीच नव्हती : उजव्या तळव्यास फिकट हिरवट रंग लागलेला.

फोटो शेजारणीसमोर ठेवला. तिनं पदर तोंडाला लावला. फोटो जवळ ओढून पाहिला. मग म्हणाली, "गळ्यात माळ कशी न्हाय हिच्या?"

माळ असती तर आराधी म्हणून आम्ही तुळजापूरकडं चौकशी केली असती, आणि ओळख पटली असती. ती तशी मातीआड गेली नसती. माळ परडीसकट बाथरूमवरच्या माळ्यावर, जुन्या गोधडीखाली सापडली.

मुलाला ठाण्यात आणलं. आरडाओरडा करायची वेळ आली नाही. फोटो पाहून तो खुर्चीतून खाली सरकला आणि फरशीवरच बसला.

"रामलिंगला दर्शनाला म्हणून नेलं. म्हनलं, हितं सावलीत बस, घर दाखवून लगेच न्यायला येतो. निघतानाच म्हनत होती, आज मंगळवार हाय, आंघोळीला काढलेली माझी माळ अन् परडी कुठाय. म्या म्हनलं, घरी गेल्यावर देतो."

"शेजारी का नाही ठेवलं?"

"शेजारी ठेवली असती तर जोगवा मागत दारात आली असती. पार्टी बिचकली असती."

"मग परत कधी गेलास?"

"दिवस बुडताना. ती नव्हती तिथं. लई शोधलं. वाटलं, कुणाच्या तरी जीपनं घरी गेली असंल."

ती जीपनं गेली नव्हती. मुलगा येत नाही हे पाहून भर उन्हात घराकडं चालत निघाली होती. सूर्य मावळायच्या आत पाच घरं मागायची होती.

"इतका वेळ का लागला तुला? कोण गिऱ्हाईक होतं असं?" मी सवयीनं दरडावलं.

त्यानं मान वर केली. "तुमीच की साहेब."

लिहून घेणाऱ्या हवालदाराचा पेन थांबला.

"मग ठाण्यात का आला नाहीस?" मी विचारलं.

"कुठं येनार? ठान्यात तुमी. घर घेनार तुमी. आई हरवली म्हनलं असतं तर तुमी घर सोडलं असतं. वाटलं, एखाद्या दिवसात येईल ती."

त्याच क्षणी तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडं द्यायला हवा होता. मी दिला नाही. हवालदाराला म्हणालो, "लिहा. घर पाहण्यास एक गिऱ्हाईक आले असल्याने उशीर झाला." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि लिहिलं. मुलानं सही केली. मी त्याला काय सल्ला दिला होता, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्याच्यावर आईला बेवारस सोडल्याचा आणि हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, त्याला शिक्षा झाली. कोर्टात त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यानं खाली मान घालून सगळं कबूल केलं.

खटला संपल्यावर मुद्देमाल परत करायचा होता. शेजारीण आली. "परडी मला द्या," म्हणाली. मुलाची लेखी संमती तिनं आणली होती.

"तिचा नेम तुमच्या मागं लागेल की," मी म्हणालो. बायकोचेच शब्द.

"लागू दे. कुनाच्या तरी मागं लागायला पायजे की नगं?"

मुलानं त्याआधीच परवानगी काढून, माती उकरून आईला रीतीप्रमाणे अग्नी दिला होता. घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

या घटनेनं काय शिकवलं, असं कुणी विचारेल. चौकशीत मी माणसाच्या तोंडाकडं बघायला शिकलो होतो आणि त्याचा मला अभिमान होता. पण साध्या कपड्यात, स्वतःसाठी काही घ्यायला निघालो, तेव्हा मला भिंत दिसली, ओटा दिसला, गच्ची दिसली. आणि घरात बसलेली बाई अडचण वाटली.

आता आम्ही धाराशिवातच भाड्यानं राहतो. मंगळवारी ती शेजारीण परडी घेऊन आमच्याही गल्लीत येते. पाच घरांत आमचं दार ती धरते, का ते मी विचारलेलं नाही. बायको पीठ घालते. बायकोला त्या जबाबाचं माहीत नाही. हे छापून आलं की कळेल. परवाच्या मंगळवारी बायको घरी नव्हती. मी पीठ घेऊन दारात गेलो. म्हणालो, "ते गिऱ्हाईक मी होतो."

तिनं परडी पुढं केली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "घाला."